एका पिवळ्या दिव्याचा इतिहास

मोटारगाडीच्या चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. पण एखाद्या दिवशी तो विझतच नाही. गाडी चालू असते. कदाचित जागेवर थोडी थरथरते, चढावर दमते, पेट्रोल थोडे जास्त पिते. गॅरेजमध्ये नेल्यावर मेकॅनिक हातात मावेल असे एक यंत्र गाडीला जोडतो आणि त्याच्या पडद्यावर पाच चिन्हे उमटतात : ‘पी००१०’. त्यांचा अर्थ असा, की कॅमशाफ्टची स्थिती बदलणाऱ्या नियंत्रकाच्या विद्युत परिपथात काहीतरी बिघडले आहे.

यापुढे दोन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे, ‘नियंत्रक गेला’ असे म्हणून नवा भाग बसवला जातो, दिवा विझतो, पैसे दिले जातात, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. दुसरी म्हणजे, मेकॅनिक मल्टिमीटर काढतो, एका वायरीवरचा हिरवा थर खरवडतो आणि काम संपते. दोन्ही ठिकाणी दिव्याने सांगितलेली गोष्ट एकच होती. फरक पडला तो ती ऐकण्यात.

हा दिवा आला कोठून, त्याला कॅमशाफ्टची खबर कशी लागते आणि तो नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हे पाहण्यासाठी आपल्याला दोन वेगळ्या इतिहासांत डोकवावे लागेल. एक आहे यंत्राचा, दुसरा आहे एका शहराच्या हवेचा.

अर्ध्या वेगाने फिरणारा दांडा

फिरत्या दांड्यावर एका बाजूला उंचवटा ठेवला, की दांडा फिरताना तो उंचवटा शेजारच्या वस्तूला ठराविक वेळी ढकलतो. हाच कॅम. ही युक्ती फार जुनी आहे. अल्-जझारी या यंत्रकाराच्या १२०६ सालच्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांमध्ये कॅम बसवलेले दांडे आढळतात. कोणी न सांगता, प्रत्येक फेऱ्यात नेमक्या वेळी तीच कृती करवून घेणे, हे कॅमचे काम तेव्हाही होते आणि आजही तेच आहे.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्याच्या चार धावा शाळेत आपण शिकवतोच : आत घेणे, दाबणे, जळणे आणि बाहेर टाकणे. या चार धावांत मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे पुरे करतो. पण या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडपेने एकदाच उघडायचे असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरवावा लागतो. साखळीने, पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी तो क्रँकशाफ्टला जखडलेला असतो.

सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींत फक्त धूर बाहेर सोडणारी झडप कॅमने उघडत असे. हवा आत घेणारी झडप दट्ट्याच्या शोषणानेच उघडे. इंजिने सावकाश फिरत होती तोवर हे चालून गेले. वेग वाढला तसे दोन्ही झडपांना कॅमची शिस्त लावावी लागली.

ही शिस्त किती बारीक आहे, याचा हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो आणि कॅमशाफ्ट २५. दट्ट्याची एक धाव अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सेकंदाच्या एक शतांश भागात पुरी होते. तेवढ्या वेळात हवेने नळीतून, झडपेच्या फटीतून सिलिंडरमध्ये शिरायचे असते.

एकच वेळ सर्वांना चालत नाही

हवेलाही वस्तुमान असते आणि म्हणून जडत्व असते. इंजिन वेगात असताना नळीतून धावत येणारी हवा दट्ट्या वर वळला तरी आपल्या जोरावर आत शिरत राहते. त्यामुळे झडप थोडी उशिरा बंद केली तर सिलिंडर जास्त भरतो. इंजिन सावकाश फिरत असताना हाच उशीर नडतो. कारण तेव्हा हवेला जोर नसतो आणि वर येणारा दट्ट्या ती पुन्हा बाहेर ढकलतो. धूर सोडणारी झडप बंद होण्याआधीच आत घेणारी झडप उघडावी की नाही, आणि किती आधी, याबाबतही असेच आहे. दोन्ही झडपा काही काळ एकत्र उघड्या राहिल्या तर वेगात फायदा होतो, पण जागेवर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन थरथरू लागते.

थोडक्यात, मुंबईच्या सिग्नलपाशी उभ्या गाडीला झडपांची जी वेळ मानवते, ती खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीला मानवत नाही. पण कॅमशाफ्ट तर साखळीने जखडलेला! म्हणून कित्येक दशके अभियंत्यांनी मधला मार्ग काढला : कोणत्याच वेगाला उत्तम नाही, पण सर्व वेगांना चालेल, अशी एक वेळ त्यांनी ठरवून टाकली.

गंमत अशी, की वाफेच्या इंजिनाने हा प्रश्न याच्या कितीतरी आधी सोडवला होता. १८४२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात दांड्यांची एक जुळणी तयार झाली. तिच्यामुळे आगगाडीचा चालक एक तरफ हलवून सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची हे चालत्या गाडीत बदलू शके. गाडी हलवताना वाफ बराच वेळ सोडायची; वेग आला की तरफ मधोमध आणत जायची, म्हणजे वाफ लवकर बंद होते आणि आतल्या आत प्रसरण पावून काम करते. कोळसा वाचतो. इथे झडपांची वेळ बदलणारा माणूस होता. कान इंजिनाच्या आवाजाकडे, डोळे रुळांकडे आणि हात तरफेवर. मोटारीच्या चालकाकडून हे अपेक्षित नव्हते. त्याची जागा घेणारे काहीतरी शोधावे लागणार होते. ते शोधण्याची निकड मात्र अगदी वेगळ्या ठिकाणाहून आली.

एका शहराचे चुकलेले निदान

जुलै १९४३. अमेरिकेच्या लॉस एंजेलिस शहरावर एक तपकिरी धुरके पसरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. महायुद्धाचे दिवस असल्याने हा जपानचा रासायनिक हल्ला असावा, अशीही शंका काहींना आली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. तेथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार होत असे आणि त्याची दुर्गंधी लोकांना जाणवत होती. तो कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र येतच राहिले.

शहराने जे केले तेच गॅरेजमध्ये पुष्कळदा होते. लक्षण दिसले, जवळचा संशयित पकडला, तो भाग ‘काढून टाकला’ आणि लक्षण कायम राहिले.

खरे कारण शोधले ते आरी हागेन-स्मिट यांनी. हॉलंडमध्ये जन्मलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होते. फळाचा वास म्हणजे हवेत मिसळलेले अत्यल्प पदार्थ. ते थंड सापळ्यात गोठवून वेगळे करायचे आणि ओळखायचे, हे त्यांचे कौशल्य. हेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. पुढे त्यांनी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र करून त्यांवर प्रकाश पाडला. तयार झालेल्या वायूंनी पानांवर धुरक्याने पडतात तसेच डाग पाडले आणि ताणलेल्या रबराला तडे गेले. रबराला तडे जाणे ही ओझोनची खूण. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी दाखवून दिले, की धुरके कोणा एका धुराड्यातून बाहेर पडतच नाही. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निसटलेले हायड्रोकार्बन आणि जळण्यातून निर्माण होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून ते उन्हात, हवेतच, तयार होते.

हे पटायला वेळ लागला. तेल उद्योगाने विरोध केला. पण १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेच्या रक्षणासाठी राज्य मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले. १९७० च्या अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील प्रमुख प्रदूषके सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य घातले.

धुराने आणलेला संगणक

लक्ष्य गाठण्यासाठी १९७५ च्या अमेरिकन मोटारींत धुराच्या नळीत उत्प्रेरक बसवले जाऊ लागले. पुढे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकदम काम करणारा उत्प्रेरक आला. पण त्याची एक अट होती. १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ मिश्रण राहिले तरच तो तिन्ही कामे नीट करतो. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हे साधणारे नव्हते. म्हणून धुरातील ऑक्सिजनचा अंदाज घेणारा संवेदक आला आणि त्याचे ऐकून पेट्रोल कमी-जास्त करणारा संगणक आला. १९७७ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्हॉल्वो मोटारींत ही जोडी होती.

संगणक आल्यावर झडपांचा जुना प्रश्नही हाताळता येऊ लागला. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने १९८० साली अमेरिकेत विकायच्या आपल्या ‘स्पायडर’ मोटारीत आत घेणाऱ्या झडपांची वेळ बदलणारी रचना दिली. विक्रीसाठी तयार होणाऱ्या मोटारीतील ही पहिली अशी रचना मानली जाते. १९८९ साली होंडाने वेगानुसार वेगळा कॅम वापरणारी ‘व्हीटेक’ रचना आणली. १९९२ साली बीएमडब्ल्यूने आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास टोयोटाने आपापल्या रचना आणल्या. टोयोटाच्या रचनेत वेळ दोनच जागी न बदलता हवी तितकी, सलग बदलता येत होती.

आजच्या बहुतेक गाड्यांतील रचना अशी असते. कॅमशाफ्टच्या टोकाला असलेले दातेरी चाक पोकळ असते. साखळी त्या चाकाला फिरवते. पण चाकाच्या आत पाती असलेला गाभा असतो आणि कॅमशाफ्ट त्या गाभ्याला जोडलेला असतो. पात्यांच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत इंजिनाचे ऑइल दाबाने भरले जाते. एका बाजूला जास्त ऑइल सोडले की कॅमशाफ्ट चाकाच्या काही अंश पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला सोडले की मागे. ऑइल कोणत्या बाजूला जावे हे एक लहान झडप ठरवते. ती झडप हलवते एक नालकुंतल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सॉलेनॉइड. त्याचा प्रवाह संगणक सेकंदाला शंभरावर वेळा चालू-बंद करतो आणि चालू काळ कमी-जास्त करून झडप हवी तेथे रोखून धरतो. कॅमशाफ्ट खरोखर कोठे पोहोचला हे कॅमशेजारचा संवेदक सांगतो. आगगाडीच्या चालकाचा हात म्हणजे नालकुंतल आणि त्याचे कान म्हणजे संवेदक!

या रचनेने इंजिनाची ताकद वाढली, इंधनही वाचले. दोन्ही झडपा एकत्र उघड्या राहण्याचा काळ हवा तेव्हा वाढवून थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच ठेवता येऊ लागला. त्यामुळे जळतानाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. म्हणजे कॅमशाफ्टचे हे सरकणे हवेच्या स्वच्छतेशी बांधले गेले. ते बिघडले की गाडी चालू राहते, पण धूर बिघडू शकतो. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दिवा कसा लागला

कारखान्यातून निघालेली गाडी स्वच्छ असेल. पण पाच वर्षांनी? वर्षातून एकदा धूर तपासून मधल्या दिवसांचे काही कळत नाही. तेव्हा संवेदक आणि संगणक गाडीत आहेतच, तर गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावे, हा विचार पुढे आला.

१९८१ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांत अशी सोय होती. गाडीतील एका सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडली, की फलकावरचा दिवा लुकलुकून आकडे सांगे. एकदा लुकलुक, थोडा विसावा, मग दोनदा लुकलुक म्हणजे १२. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे आणि आकड्यांचा अर्थही वेगळा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सक्ती केली. त्यातल्या उणिवा पाहून दुसरी, कडक नियमावली आली आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ती लागू झाली. सोळा पिनांचे एकाच आकाराचे सॉकेट आणि समान सांकेतिक क्रमांक हे तिचे वैशिष्ट्य. युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल मोटारींना अशीच अट आली.

भारतातही हा प्रवास झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली वाहनांच्या इंधनाचे आणि धुराच्या मर्यादांचे टप्पे सुचवले. ‘भारत टप्पा ४’ च्या मोटारींना २०१० पासून स्वतपासणीची पहिली पायरी आणि २०१३ पासून दुसरी पायरी लागू झाली. २०२० पासून ‘भारत टप्पा ६’ आला. आज आपल्या शाळेसमोर उभ्या असलेल्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ते सोळा पिनांचे सॉकेट सापडेल.

पाच चिन्हे काय म्हणतात

आता ‘पी००१०’ वाचू. पहिले अक्षर ‘पी’ म्हणजे दोष इंजिन किंवा गिअरच्या बाजूचा. पुढचे शून्य सांगते की हा क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा ठरला असता. तिसरे चिन्ह हवा, इंधन आणि धुराचे नियंत्रण हा विभाग दाखवते. शेवटचे दोन आकडे नेमका दोष दाखवतात : पहिल्या रांगेतील ‘ए’ कॅमशाफ्टच्या, म्हणजे सामान्यतः आत घेणाऱ्या झडपांच्या कॅमशाफ्टच्या, नियंत्रकाचा परिपथ.

यातला ‘परिपथ’ हा शब्द महत्त्वाचा. संगणक म्हणतो, मी पाठवलेल्या विजेचा प्रतिसाद अपेक्षेसारखा आला नाही. शेजारचेच क्रमांक पाहिले की फरक कळतो. ‘पी००११’ म्हणजे कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढे सरकून राहिला. ‘पी००१२’ म्हणजे मागे राहिला. तेथे परिपथ ठीक असू शकतो. ऑइल कमी, मळके किंवा चुकीच्या घट्टपणाचे असेल, ऑइलची जाळी तुंबली असेल, साखळी सैल झाली असेल. ‘पी००१०’ मात्र आधी तारांकडे बोट दाखवतो. पण परिपथात केवळ नालकुंतल नसते. फ्यूज, वायर, कनेक्टर, नालकुंतल, परतीची वायर आणि खुद्द संगणक, इतके संशयित असतात. दिवा रांगेकडे बोट करतो. गुन्हेगार आपण शोधायचा.

मल्टिमीटरची साक्ष

नीट चालणारा मेकॅनिक आधी क्रमांकासोबत साठवलेली नोंद पाहतो : दोष आला तेव्हा इंजिनाचा वेग किती होता, ते किती तापले होते. मग क्रमांक पुसून तो पुन्हा येतो का ते पाहतो. त्यानंतर डोळे वापरतो. कनेक्टरमध्ये ऑइल किंवा पाणी गेले आहे का, पिन वाकली आहे का, वायर एखाद्या कडेवर घासून सोलली आहे का, उंदराने कुरतडली आहे का? यातच पुष्कळ दोष सापडतात.

पुढचे काम ओहमच्या नियमाचे. किल्ली बंद करून, कनेक्टर काढून नालकुंतलाचा रोध मोजायचा. अनेक मॉडेलांत तो २० अंश सेल्सिअसला ७ ते ८ ओहमच्या आसपास असतो; नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तकात पाहावा लागतो. रोध अनंत आला तर तार तुटली आहे. शून्याजवळ आला तर आतले वेढे एकमेकांना भिडले आहेत. तापमान का सांगितले? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ७.५ ओहम असलेले वेटोळे १०० अंशांना सुमारे ९.८ ओहम दाखवेल. गरम इंजिनावर मोजून ‘रोध वाढला, भाग गेला’ म्हणणारा मेकॅनिक एका निर्दोष भागाला शिक्षा देतो.

समजा, रोध बरोबर निघाला : ७.५ ओहम. आता कनेक्टरपाशी येणारे विभवांतर मोजायचे. बऱ्याच गाड्यांत किल्ली चालू केल्यावर तेथे बॅटरीइतके, सुमारे १२ व्होल्ट, मिळायला हवे. (काही गाड्यांत दोन्ही वायरी संगणकाकडेच जातात, तेथे ही तपासणी वेगळ्या रीतीने करतात.) तेथेही १२ व्होल्ट मिळाले. नालकुंतल ठीक, वीज ठीक, आणि तरी दोष! अशा वेळी नवखा माणूस हात टेकतो आणि संगणक बदलायला सांगतो.

इथेच विज्ञानाच्या शिक्षकाला आनंद वाटावा असा मुद्दा आहे. समजा, वाटेतल्या एका सांध्यावर गंज चढून ५ ओहमचा जादा रोध तयार झाला आहे. कनेक्टर काढून मोजताना परिपथातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्रवाह नाही, तर त्या गंजलेल्या रोधावर विभवांतरही पडत नाही, म्हणून मीटर निर्धास्तपणे १२ व्होल्ट दाखवतो. कनेक्टर जोडून नालकुंतलाला सलग प्रवाह दिला की मग चित्र बदलते. निरोगी परिपथात प्रवाह १२ ÷ ७.५, म्हणजे १.६ अँपिअर असतो. गंजलेल्या परिपथात तो १२ ÷ १२.५, म्हणजे ०.९६ अँपिअर होतो. गंज एकटाच ४.८ व्होल्ट खातो आणि नालकुंतलाच्या वाट्याला ७.२ व्होल्ट उरतात. नालकुंतलाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह ६० टक्के उरला तर ओढ सुमारे ३६ टक्केच उरते. म्हणून जाणते मेकॅनिक विभवांतर मोजतात ते परिपथ काम करत असताना, आणि वायरीच्या दोन टोकांमध्ये. चांगल्या वायरीवर जवळजवळ काहीच विभवांतर पडू नये.

वायर हलवून पाहणे ही आणखी एक जुनी युक्ती. मीटर लावून वायरींचा जुडगा हलवला आणि आकडा उडाला, तर सोललेली किंवा आतून तुटलेली वायर तेथेच आहे. काही गाड्यांच्या दुरुस्तीपुस्तकांत आणखी एक चाचणी दिलेली असते. इंजिन जागेवर चालू ठेवून झडपेच्या नालकुंतलाला थेट बॅटरीची वीज क्षणभर द्यायची. इंजिन अडखळले किंवा बंद पडले तर आनंद मानायचा, कारण झडप हलली, ऑइल गेले आणि कॅमशाफ्ट सरकला. म्हणजे दोष झडपेच्या अलीकडे आहे. संगणकावर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी, बाकीचे सर्व निर्दोष ठरल्यावर.

दुरुस्ती मग बहुधा साधी असते : सांधा स्वच्छ करणे, पिन बदलणे, वायर जोडून नीट गुंडाळणे, किंवा खरोखरच जळालेले नालकुंतल बदलणे. त्यानंतर क्रमांक पुसायचा आणि गाडी चालवून पाहायची. क्रमांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकण्यासारखे ते आहे.

माहितीवर हक्क कोणाचा?

या इतिहासाचा एक धागा अजून उरतो. गाडी आपला दोष सांगू लागली खरी. पण तो ऐकण्याची किल्ली केवळ कंपनीकडे राहिली असती तर? कोपऱ्यावरच्या गॅरेजला दार बंद झाले असते आणि गाडीवाल्याला कंपनी मागेल ते द्यावे लागले असते. अमेरिकेत १९९० साली स्वच्छ हवा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हे होऊ दिले नाही. तपासणीचे सॉकेट समान असावे, ते वापरण्यासाठी कंपनीकडेच मिळणारी किल्ली लागू नये, आणि धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती, व्यापारी गुपिते वगळून, दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही मिळावी, असे कायद्यातच लिहिले गेले. पिवळ्या दिव्याची भाषा सर्वांना वाचता येते ती या कलमांमुळे. त्यापुढचा लढा चालूच राहिला. २०१२ साली मॅसेच्युसेट्स राज्यात मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या माहितीवरील हक्काच्या बाजूने कौल दिला.

मात्र भाषा खुली असणे वेगळे आणि ती समजणे वेगळे. काही हजारांत मिळणारे स्कॅनर आज लहान गावांतल्या गॅरेजमध्येही दिसते. ‘पी००१०’ वाचून दाखवायला ते पुरेसे आहे. त्यानंतर लागतो तो आठवी-दहावीत शिकवलेला परिपथ, आणि पहिल्या संशयितावर समाधान न मानण्याची सवय. लॉस एंजेलिसच्या लोकांनी कारखाना बंद केला तेव्हा त्यांच्याकडे हीच सवय नव्हती. हागेन-स्मिट यांच्याकडे ती होती.

वर्गात करून पाहा

टॉर्चचे चार सेल, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट, एक ६ व्होल्टचा छोटा दिवा, होल्डर, वायरी आणि एक मल्टिमीटर घ्या. वायरीच्या एका सांध्यात १० ओहमचा रोध जोडून तो चिकटपट्टीखाली लपवा. दिवा मंद लागेल. मुलांना सांगा, दोष शोधा. बहुतेक जण आधी दिवा बदलतील, मग सेल. दोन्ही निर्दोष निघतील. दिवा काढून होल्डरच्या टोकांवर विभवांतर मोजायला सांगा. मीटर ६ च्या आसपास दाखवेल आणि मुले चक्रावतील. मग दिवा लावून पुन्हा मोजायला सांगा, आणि शेवटी प्रत्येक वायरीच्या दोन टोकांमध्ये. ज्या वायरीवर काटा हलतो, तिची चिकटपट्टी सोडवायची. मोटारीच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग करू नये. चुकून तिची टोके जोडली गेली तर प्रचंड प्रवाह वाहून भाजण्याचा धोका असतो.

वर्गातला एखादा विद्यार्थी उद्या गॅरेजमध्ये कामाला लागेल, एखादी विद्यार्थिनी रुग्णाच्या अहवालावरचे आकडे वाचेल, कोणी गावच्या विहिरीचे पाणी तपासेल. त्या प्रत्येकासमोर कोणता तरी पिवळा दिवा लागेलच. तो लागला की आधी काय बदलायचे असे न विचारता, आधी काय मोजायचे असे त्यांनी विचारले, तर चिकटपट्टीखाली लपवलेल्या त्या दहा ओहमांचे चीज झाले म्हणायचे.